टेलरबाईंच्या अंजिराच्या तीन काड्या

९ फेब्रुवारी

टेलरबाईंचं अंजीर पाडलं! आज सकाळी. दूध घेऊन येत होतो तर त्यांच्या कुंपणापाशी मशीनची घरघर. पाहतो तर झाड आडवं, आणि माणसं फांद्या तोडून ट्रकात टाकताहेत. बुंधा मुळासकट उपटून काढला. घर विकलं ना त्यांनी. झाडाच्या जागी नव्या मालकाची गाडी उभी राहणार म्हणे.

घर विकल्याचं मला महिनाभर आधीपासून माहीत होतं. महिनाभर रोज ठरवत होतो, उद्या जाऊन दोन काड्या मागू. पण कसं मागावं? काय म्हणावं? त्यांचे यजमान होते तेव्हा त्या झाडाला कुणाला हात लावू देत नसत. ते जाऊनही बरीच वर्षं झाली, तरी मला त्यांचीच भीती! मेलेल्या माणसाला भिऊन घरी बसलो. आता बस बोंबलत.

असं अंजीर दुसरं नाही. पिकलं तरी बाहेरून हिरवं आणि आत लालभडक. पान हाताच्या पंजासारखं, पाच बोटं सुटी सुटी. माझ्या गच्चीत अकरा जाती आहेत, पण ही नाही. मोबाइलवर आम्हा अंजीरवाल्यांचा गट आहे, तिथे मी या झाडाचा फोटो टाकला होता. रस्त्यावरून काढलेला, चोरून. कुणाला जात ओळखता आली नाही. सम्राटलाही नाही. सम्राट म्हणजे गटाचा मुख्य. हे नाव त्याने स्वतःच घेतलंय.

कुंपण धरून उभा राहिलो. किती वेळ ते आठवत नाही. ट्रक गेला तरी उभाच. शेवटी टेलरबाई बाहेर आल्या, म्हणाल्या आत या. गटाराच्या कडेला चुरा पडला होता, त्यातून पेन्सिलीएवढ्या जाडीच्या तीन काड्या धड मिळाल्या. बाकी सगळं चिरडलेलं.

निघालो तेव्हा त्या म्हणाल्या, "भाऊ, एक रोप मला करून द्याल? मार्चअखेर मी लेकीकडे चाललेय, कायमची. ह्यांच्या झाडाचं काहीतरी सोबत राहील."

मी म्हटलं, देतो. शब्द देऊन बसलो! का दिला?

दूध उन्हात नासलं. हिने पातेलं आपटलं.

१० फेब्रुवारी

काड्या धुतल्या. कोंब फुटतो त्या डोळ्याच्या जरा खाली तिरका छेद घेतला. चीक पुसला, वरच्या टोकाला मेणबत्तीचं मेण लावलं. माती, वाळू, नारळाचा भुसा. सगळं रीतसर.

गटात सांगतात, पारदर्शक ग्लासात लावा, म्हणजे मुळं बाहेरून दिसतात. ही म्हणाली, आणा की मग. मी म्हटलं, घरात बिस्किटांचे पत्र्याचे डबे पडून असताना ग्लास कशाला आणायचे? डब्यात लावल्या.

१२ फेब्रुवारी

काही नाही.

१३ फेब्रुवारी

गटात विचारलं, मुळं किती दिवसांत येतात? सम्राटने लिहिलं, "धीर धरा, काका." बाकीच्यांनी अंगठे दाखवले.

हा मला धीर शिकवणार! गेल्या वर्षी ह्याच्याच ओळखीच्या माणसाकडून 'राणीचं काळं अंजीर' म्हणून काडी मागवली होती. कुरिअरने आली, रेशमी कापडात गुंडाळलेली. पोटच्या पोरासारखी वाढवली. तुती निघाली! सम्राट तेव्हा म्हणाला होता, "दोन्ही एकाच घराण्यातली, काका." म्हणजे मी रागवायचं नाही. उद्या काका मागवले नि मामा आले तरी रागवायचं नाही.

१९ फेब्रुवारी

पहिली काडी जरा उचलून पाहिली. काही नाही. परत लावली.

२० फेब्रुवारी

परत पाहिली. काही नाही. छेदापाशी जरा फुगल्यासारखी वाटते. की माझ्या डोळ्यांनाच तसं दिसतंय?

२३ फेब्रुवारी

मुळं आली! पांढरी, दोऱ्याएवढी, चार. मी ओरडलोच. हिला दाखवायला काडी घेऊन धावत स्वयंपाकघरात गेलो. ही म्हणाली, कुठायत? पाहतो तर एकही नाही. दोन दारात पडलेली सापडली. दोन सापडलीच नाहीत.

जन्मभर पाण्याचे मीटर वाचले. रोज घरोघर जायचं, झाकण उचलायचं, आकडा पाहायचा, झाकण लावायचं. उचलून पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही त्याला मी काय करू? शाळाही सातवीत सुटली ती अशानेच. पेपर दिला की मास्तरांच्या घरी जाऊन विचारायचो, तपासला का? एकदा त्यांनी हाकलूनच दिलं.

२४ फेब्रुवारी

पहिलीला मुळं आली तर दुसरीलाही आली असतील. आणि ती आपोआपच तुटली तर? मग अलगद पाहून ठेवलेलं बरं, असं वाटलं.

होती. सहा.

होती, असं लिहावं लागतंय.

२५ फेब्रुवारी

हिने तिसरा डबा जप्त केला!

सकाळी मी चमचा घेऊन गच्चीत निघालो होतो. ही जिन्यात आडवी. म्हणाली, "अहो, तुम्ही झोपलेल्या माणसाला जिवंत आहे का विचारायला उठवाल, आणि तो दचकून जाईल!" डबा काखेत मारला आणि खाली गेली. कुठे ठेवला ते सांगत नाही. काडीने मूळ धरलं की देईन म्हणाली. मी विचारलं, तुला काय कळतं त्यातलं? म्हणाली, "मला एकच कळतं. हात लावायचा नाही."

चमचा परत जागेवर ठेवला.

२७ फेब्रुवारी

ही बाजारात गेली तेव्हा कपाटं पाहिली. माळा पाहिला. न्हाणीघर, पलंगाखाली, शिलाईच्या टोपलीत. नाही. पिठाच्या डब्यातही हात घातला. कोपरापर्यंत पीठ लागलं होतं, तिने विचारलं, मी म्हटलं खाज येत होती.

२ मार्च

रोज जेवताना विचारतो. ही बातम्या देते. आज म्हणाली, डोळा हिरवा झालाय. मी म्हटलं, कुठला, वरचा की मधला? म्हणाली, "मधला." विचार करून म्हणाली. का विचार केला?

टेलरबाई रस्त्यात भेटल्या. सामान बांधणं चाललंय. शिलाईचं मशीन लेक ठेवून घेणार नाही, जागा नाही म्हणे तिच्या फ्लॅटमध्ये. काडीचं विचारलं. मी म्हटलं, उत्तम! आणि भरभर पुढे चालू लागलो.

८ मार्च

पान आलंय म्हणते. दाखव म्हटलं तर नाही.

१२ मार्च

दाखवलं! उंबऱ्यापलीकडे उभी राहून, मला दहा हात लांब ठेवून. बाळंतिणीने बाळ दाखवावं तसं, पदराआडून. डबा नाही, काचेचा ग्लास. तिने बदललं तर! आणि ग्लासाच्या कडेला मुळं, पांढरी, सगळीकडे. बसलोच मी खुर्चीत. शब्द राहिला.

दोन पानं आहेत.

पानं जरा गोल वाटली.

१३ मार्च

कोवळी पानं फसवतात. हे सगळेच सांगतात. पहिली दोन-चार पानं कशीही येतात, जातीचं पान मागाहून येतं. काळजीचं कारण नाही.

१७ मार्च

तिसरं पान. गोलच. कडेला नुसते तीन बाक. बोटं नाहीत.

आपल्या दारातल्या नळाजवळच्या अंजिराचं पान असंच आहे. ते साधं, बाजारी. कुठेही मिळतं. मी त्याला माझ्या अकरांत मोजतही नाही.

हिला न विचारता लांबून फोटो काढून गटात टाकला. सम्राट म्हणाला, "साधं अंजीर आहे, काका. छान आहे." त्याला काय कळतंय!

१८ मार्च

नळाजवळच्या झाडाची एक फांदी कापलेली आहे. नळाच्या मागच्या बाजूला, सहज दिसू नये अशी. छेद तिरका, डोळ्याच्या जरा खाली. आणि झाडावरच्या जखमेला मेणबत्तीचं मेण. हे सगळं मीच हिला शिकवलेलं. काम झकास केलंय.

म्हणजे तिसरी गेली.

दिवसभर हिच्यावर चिडून होतो. मग आठवलं. तिसरीही मी एकदा काढून पाहिली होती, जप्तीच्या आदल्या दिवशी. इथे लिहिलं नव्हतं. खोड जरा मऊ लागलं होतं, तेही लिहिलं नव्हतं. म्हणजे तिच्या हातात दिली तीच गेलेली. तिने मेलेल्या काडीच्या नावाने बातम्या दिल्या, आणि तिच्या जागी नळाजवळची काडी वाढवली.

जेवायला बसलो. ती म्हणाली, "चौथं पान येतंय बरं का." मी म्हटलं, वा. तिने न मागता आणखी वाढलं.

२३ मार्च

टेलरबाईंना काय सांगू?

खरं सांगितलं तर ही खोटी ठरते, त्यांच्यासमोर. नाही सांगितलं तर त्या दुसऱ्याच झाडाला जन्मभर नवऱ्याचं झाड समजून पाणी घालणार. बीपीची गोळी घेतली. घेतली की नाही ते आठवेना म्हणून डबी उघडून मोजल्या. घेतली होती.

गटात लिहिलं, टेलरबाईंसारखं, पाच बोटांच्या पानाचं, हिरवं-लाल अंजीर कुणाकडे असेल तर काडी हवी, कितीही लांबून. दोघांनी तुतीवरून चेष्टा केली. एकाने फोटो पाठवला, वाटलं सापडलं! आतून पिवळं निघालं.

२९ मार्च

दिलं.

रोप आता मातीच्या कुंडीत आहे, टवटवीत. हिनेच धरलं, मला धरू दिलं नाही. टेलरबाईंच्या खोल्या रिकाम्या, बोलणं घुमत होतं. मशीनच्या जागी फरशीवर चार खळगे. त्यांनी चष्मा पुसून पान पाहिलं, दोन बोटांत धरून चोळलं. नवऱ्याच्या झाडाखाली आयुष्य काढलेली बाई, तिला पान कळणार नाही?

"खरखरीत आहे," म्हणाल्या. "अगदी तसंच."

ही म्हणाली, "ह्यांनी फार जपलं हो."

मी खिडकीबाहेर बघत बसलो. बाहेर सिमेंट ओतलंय.

३ एप्रिल

जेवण जात नाही. ही म्हणते डॉक्टरांकडे चला.

५ एप्रिल

अगदी तसंच! अगदी तसंच म्हणाल्या! त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

उद्या बसने जातो, त्यांच्या लेकीच्या घरी. काडी माझ्याच हातून मेली एवढं सांगायचं. दुसरं रोप मीच लावलं, मीच फसवलं म्हणायचं. हिचं नाव काढायचं नाही. वाक्य तीनदा म्हणून पाहिलं. हिला सांगितलं, बँकेत काम आहे.

६ एप्रिल

चौथा मजला. लेक-जावई कामावर. टेलरबाई एकट्याच, टीव्ही चालू आणि आवाज बंद. मी उभ्यानेच सगळं म्हणून टाकलं, मध्ये थांबलो नाही.

त्या ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "भाऊ, खाली बसा आधी. मला अंजीर आवडत नाही हो. कधीच नाही. बिया दातांत अडकतात, चिकाने कापड डागळतं, माश्या वेगळ्याच. ते पडलं तेव्हा मी सुटले म्हटलं. पण तुम्ही कुंपणाला धरून उभे, हातात दूध. तुमच्याकडे बघवेना. तुम्हाला काहीतरी काम द्यावं म्हणून मागितलं."

कुंडी परत घेऊन जातो म्हटलं. तर म्हणाल्या, राहू दे. इथे दिवसभर कुणी येत नाही. ते जगलंय का बघायला तरी तुम्ही याल.

चहा घेतला. पाणी किती घालायचं ते सांगितलं. बाल्कनीत ऊन कुठून येतं ते पाहून कुंडी सरकवून दिली.

घरी आलो. हिने विचारलं, झालं का बँकेतलं काम? मी म्हटलं, झालं. मग मीच म्हटलं, वाटेत टेलरबाईंकडे डोकावलो होतो. तुझं झाड छान आहे.

हिने माझं ताट घेतलं. मग म्हणाली, "तुमचं."