दक्षिणेकडचं दार

आई, आज उपासना संपल्यावर सगळे घरी गेले आणि मी देवळातच बसून राहिले. तुला लिहायचं कितीतरी दिवस मनात होतं. तू गेल्यापासून आपल्या या देवळात काही बदललेलं नाही. जांभ्याच्या तशाच रुंद भिंती, टोकदार कमानींच्या तशाच खिडक्या, माणसाच्या डोक्याच्याही वर बसवलेल्या. छावणीतल्या गोऱ्या साहेबांनी आपल्या प्रार्थनेसाठी हे बांधलं आणि पलटण गेल्यावर ते आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळीला मिळालं, असं बाबा आल्यागेल्याला सांगायचे. खिडक्या एवढ्या उंच का, तर बसलेल्यांचं लक्ष बाहेर जाऊ नये म्हणून. बाबा देवळाची राखण करायचे, घंटा वाजवायचे, झाडलोट तुझ्याकडे. मागच्या दोन खोल्यांत आपला संसार. मांडवीतलं तुझं माहेर चालत जाण्याजोगं, पण बाबांबरोबर तुझा बाप्तिस्मा झाला त्या दिवसापासून ते तुला बंद झालं होतं.

एका पावसाळ्यानंतर दक्षिणेकडच्या भिंतीचा गिलावा सुटला. गवंडी तो खरवडत असताना आतल्या चिऱ्यांत एक कमान दिसली. कधीतरी कुणी तिथलं दार बुजवलं होतं. पाळकसाहेब आले, मंडळीचे पंच जमले. साहेबांच्या काळात पंखा ओढणारे गडी या दाराने ये-जा करत, पुढे पंखे गेले तसं दारही गेलं, असं पाळकसाहेबांनी समजावून सांगितलं. मी तुझ्या पदराशी उभी होते. पुरुषांसमोर कधी तोंड न उघडणारी तू पुढे झालीस.

“हे दार उघडंच ठेवा,” तू म्हणालीस. “इथे माणूस आत येतं, पण आतून बाहेरचं काही दिसत नाही.”

बाबांनी मान खाली घातली. वाऱ्यापावसाचा मारा त्याच बाजूने असतो, असं एका पंचांनी शांतपणे सांगितलं, आणि ते काही खोटं नव्हतं. दुसऱ्या दिवशी गवंड्याने कमानीवर चुना चढवला. त्याला लागणारं पाणी विहिरीवरून तूच आणून देत होतीस.

त्यानंतर थोड्याच दिवसांत कोळीण मासळी घेऊन आली आणि बोलता बोलता म्हणाली, मांडवीची तुझी म्हातारी आई गेली की. दिवसकार्यही उरकलं होतं. बांगडे साफ करता करता तू थांबलीस. माहेरच्यांनी मला कळवलं कसं नाही, असं बाबांना विचारलंस.

“कळवलं असतं तर तुला आत घेतलं असतं का?” बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते तुला जास्त लागलं असावं.

तू हात धुतेस, माझं बोट धरतेस आणि निघतेस. मांडवीला मामी अंगणात येते, तुझ्यापासून चार पावलांवर उभी राहून रडते. मग तांब्या आणते आणि तुझ्या ओंजळीत वरून पाणी ओतते. तू ते सगळं पितेस. “वन्सं, हे यायच्या आत निघा,” ती हळूच म्हणते. परतताना तू मला एवढंच सांगितलंस, की तू शीक आणि इथून जा.

मी शिकले. मिरजेच्या इस्पितळात नर्सिंगला जायचं ठरलंही होतं. पण तू अंथरूण धरलंस, गेलीस, मग बाबा एकटे पडले. त्यांच्या हाताखाली देवळाचं काम बघणाऱ्यालाच त्यांनी मला दिलं. आता त्याच दोन खोल्या, तीच झाडलोट. मला कुणी कोंडून ठेवलेलं नाही. नवरा चांगला आहे. फाटकाला कुलूपसुद्धा नसतं.

परवा मामाचा मुलगा आला होता. मामा आधीच गेले होते, आता मामीही गेली ते मुद्दाम सांगायला. “ताई, चला. आता घरात आडकाठी करणारं कुणी नाही,” तो म्हणाला. देवळातली कामं पुढे करून मी त्याला परत पाठवलं. तुझा झालेला अपमान मी विसरले नाही, असं इथे सगळ्यांना वाटलं आणि मी ते वाटू दिलं. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून तुला खरं सांगते. मी गेले नाही ते रागाने नव्हे. त्यांनी मला आत घेतलं असतं, तर मला परत इथे येववलं नसतं.