डोळे कधी मिटायचे

रविवार, ७ तारीख

प्रिय वहिनी,

नमस्कार. आम्ही सगळे मजेत आहोत, तुम्हीही मजेत असाल, असं पत्राच्या सुरुवातीला लिहायचं असतं. आम्ही मजेत नाही आणि तूही नसशील, तेव्हा ते लिहिलं असं समज. फोन तू उचलत नाहीस. तुझी ताई उचलते आणि "ती झोपलीये" म्हणते. सकाळी केला तरी तेच, संध्याकाळी केला तरी तेच. इतकं झोपणारं माणूस आपल्या घरात एकच होतं, आणि ते तू नव्हतीस. म्हणून हे पत्र.

बाबा बरे आहेत. गुडघा दुखतो, पेपर वाचतात, माझ्यावर ओरडतात. मला काम भरपूर आहे, उकाडा सुरू झाला की लोकांचे फ्रिज बरोब्बर बंद पडतात. काल एका बाईंकडे गॅस भरायला गेलो होतो. फ्रिज गार होईपर्यंत त्यांनी मला पाच सिनेमे विचारले आणि कागदावर उतरवून घेतले. माझं नाव आता त्या इमारतीत फ्रिजवाला म्हणून कमी आणि सिनेमावाला म्हणून जास्त झालंय.

तुझ्यासाठीही बरंच बघून ठेवलंय. ताईकडचा टीव्ही मोठा आहे, जरा वापर त्याचा. पहिला सिनेमा एका म्हाताऱ्या जोडप्याचा. दोघं घटस्फोट घ्यायला निघतात आणि वकिलाच्या ऑफिसच्या लिफ्टमध्ये अडकतात. लोक म्हणतात संथ आहे. लोकांना कॉमेडीत सारखं कोणीतरी घसरून पडायला हवं असतं, त्याला माझा इलाज नाही. रक्त नाही, मारामारी नाही, बिनधास्त बघ.

दुसरा भुताचा. लगेच पत्र खाली ठेवू नकोस, यात भूत दिसतच नाही. भूत दिसलं की माझा निम्मा रस जातो, दार हळूहळू उघडत असतं तोवरच खरी मजा. तळघराचा जिना आला की मान खाली घाल आणि भांडं पडल्याचा आवाज झाला की वर कर. मधे एक उंदीर आहे, मेलेला. प्रेमकथा म्हणशील तर यंदा एकही धड नाही. दोघं एकमेकांशी इतकं बोलतात की प्रेम करायला वेळ कुठून मिळणार? त्यातल्या त्यात एक बसचा ड्रायव्हर आणि रोज चुकीच्या थांब्यावर उतरणारी शिक्षिका, तो बरा आहे. युद्धाचे सिनेमे मी तुझ्या वाटेला येऊच देत नाही, हे तुला माहीतच आहे.

रहस्यपट मात्र झकास मिळालाय. खुनी कोण ते सांगणार नाही. आपल्या घरात बाकी कसली शिस्त नसेल, पण शेवट न सांगण्याची आहे. मी इंटरव्हललाच ओळखला होता, अर्थात. तुझं काही सांगता येत नाही, तू खुनी सोडून भलतंच बघत बसतेस. मागच्या वेळी सगळं थिएटर श्वास रोखून बसलं होतं आणि तू माझ्या कानात म्हणालीस, "ह्याच्या शर्टाचं वरचं बटण आत्ता लावलेलं होतं." खरंच होतं. मी परत जाऊन बघितलं.

कोर्टाचे सिनेमे सध्या नकोत.

बरं, तो विषय निघालाच आहे तर. वकीलबाई म्हणाल्या, तुला रीतसर कळवायला हवं. पुढच्या सोमवारी, १५ तारखेला, चौकशी अधिकाऱ्यांसमोर कारखान्याच्या कॅमेऱ्याचं, अपघाताच्या दिवसाचं चित्रण लावणार आहेत. घरच्या कोणीतरी ते बघून त्यातला माणूस दादा आहे की नाही एवढं सांगायचं. तू येणार नाहीस असं ताईकडून कळलं, ते मी त्यांना सांगितलं. बरोबरच आहे तुझं. पडद्यावर खोटं बोट कापलं तर तू आडवी होतेस, मग हे कसं बघणार? मी एकदा बघून आलोय. चित्र धूसर आहे, काही कळत नाही. तसं मी लिहूनही दिलं. तेव्हा तू नाही आलीस तरी फारसं बिघडत नाही.

पिल्लूला सांग, काकाने तिच्यासाठी माकडाचा सिनेमा शोधलाय. शेवटी माकड घरी येतं. हा शेवट सांगितलेला चालतो, ती सहा वर्षांची आहे.

तुझा,
सिनेमावाला


बुधवार, १० तारीख

प्रिय वहिनी,

बिघडतं. रविवारच्या पत्रात मी लिहिलं की फारसं बिघडत नाही, ते खोटं होतं. तू ते वाचून सुटकेचा श्वास सोडला असशील, या विचाराने दोन दिवस मला जेवण गेलेलं नाही.

आधी तुला सगळं नीट सांगतो. ताईच्या घरी हा विषयच काढत नाहीत, त्यामुळे तुला किती माहीत आहे कुणास ठाऊक. दादाच्या खात्यात साबण ढवळायचं मोठं पिंप आहे, माणूस आत उतरून घासतो एवढं. उतरायच्या आधी त्याने बटणावर लाल पाटी लावायची, "आत माणूस आहे" अशी, आणि बाहेर आल्यावर ती त्यानेच काढायची. दुसऱ्या कोणी पाटीला हात लावायचा नाही. त्या दिवशी पाटी निघालेली होती, म्हणून आत कोणी नाही असं समजून बटण दाबलं गेलं, आणि दादा आतच होता. कारखान्याचं म्हणणं, दादा वर आला, त्याने स्वतःच पाटी काढली, मग विसरलेला ब्रश आणायला पाटी न लावताच परत आत गेला. म्हणजे चूक त्याची. पिंप खांबाच्या आड आहे, ते कॅमेऱ्यात येत नाही. येते ती फक्त पाटी, आणि ती काढणारा माणूस. सगळ्यांचे कपडे एकच, डोक्यावर टोपी, तोंडाला मास्क.

तो माणूस दादा असेल तर अहवालात लिहिणार, स्वतःच्या हलगर्जीपणामुळे. नसेल तर दादा आत असताना कोणीतरी पाटी काढली. सोमवारी एवढंच ठरायचं आहे, आणि एकदा ठरलं की ते पिल्लूच्या बापाबद्दल कायमचं ठरलं.

आता माझं. मी चौकशीच्या ऑफिसात गेलो होतो तेव्हा त्यांनी मला एका छोट्या खोलीत बसवलं. टेबलावर कॉम्प्युटर, शेजारी त्यांचा एक कारकून. मला वाटलं होतं, मी जन्मभर हेच केलंय, आधी बघायचं आणि दुसऱ्याला सावध करायचं. आपण तिघं पहिल्यांदा थिएटरात गेलो आणि तू दोन खुर्च्यांच्या मधे घसरलीस, तेव्हापासून एकही सिनेमा मी आधी बघितल्याशिवाय तुला दाखवला नाही. मनगटावर एक टिचकी म्हणजे मान खाली, दुसरी म्हणजे वर. इतक्या वर्षांत एकदाही चुकलो नाही, आणि त्याचा मला माज होता.

चित्रण सुरू झालं. त्याला आवाज नाही, वहिनी. सिनेमात वाईट काही व्हायच्या आधी संगीत बदलतं, आपण नकळत तयार होतो. इथे काहीच बदलत नाही. कोपऱ्यातला पंखा फिरतो, एक माणूस हातगाडी घेऊन जातो, पंखा फिरतच राहतो. आणि मला कळेना, ते कधी येणार आहे. मला टिचकी मारायला कोणी नव्हतं. डावीकडून एक माणूस पाटीकडे येताना दिसला आणि मी डोळे मिटले. घट्ट मिटले. उघडले तेव्हा पडदा काळा झाला होता. कारकुनाने कागद पुढे केला, मी "ओळखता आलं नाही" असं लिहून सही केली आणि जिना उतरून खाली आलो. चित्र धूसर नव्हतं. चांगलं स्वच्छ होतं.

घरी बाबांनी विचारलं, काय दिसलं. मी त्यांनाही धूसर म्हणून सांगितलं. परवा रात्री जेवताना मला ते सहन होईना आणि मी खरं सांगून टाकलं. वाटलं ओरडतील. ते ओरडले नाहीत.

"इतके सिनेमे बघितलेस," ते म्हणाले, "आणि त्याच्या वेळी डोळे मिटलेस?"

ताटात हात धुवून ते उठले. अजून माझ्याशी बोलत नाहीत.

काल सकाळी मी वकीलबाईंकडे गेलो. त्या जाम संतापल्या, मग मला घेऊन स्वतः त्या ऑफिसात आल्या. अर्ज करून चित्रण पुन्हा बघायला मिळालं. या वेळी मी सगळं बघितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, डोळ्याची पापणी न लववता. पण आता माझ्या शब्दाला किंमत नाही. आधी ओळखता आलं नाही म्हणून सही करणारा सख्खा भाऊ थोड्याच दिवसांनी ओळखतो म्हणाला, तर समोरचा वकील माझं काय करेल ते त्यांनी मला रस्त्यातच ऐकवलं. बाबांना चष्मा लावूनही पेपरातले मथळेच दिसतात. उरलीस तू.

तुला तो माणूस कोण वाटतो ते मी विचारणार नाही आणि मला काय वाटलं ते सांगणार नाही. वकीलबाईंनी बजावलंय की तिला काही पढवू नका, पढवलेलं लगेच कळतं. त्यांनी बजावलं नसतं तरी मी सांगितलं नसतं, कारण माझा माझ्यावरच भरवसा नाही. मला इंटरव्हललाच खुनी सापडतो. मला जो शेवट हवा असतो तो मला पडद्यावर दिसायला लागतो, आणि या वेळी मला कुठला हवा आहे ते तुला सांगायला नको. तुझं तसं नाही. तुला बटणं दिसतात. आम्ही सगळे नायकाच्या तोंडाकडे बघत असतो तेव्हा तू त्याच्या हातांकडे बघत असतेस. आणि दादा दारातून आत येताना, वाकताना, भिंतीवरची वस्तू काढताना तू रोज बघितलाय. मी त्याचा भाऊ, पण मी त्याला इतका कधी बघितला नाही. घरात असला की तो मला फक्त असायचा.

तो असेल तर असेल. तसं झालं तर तू "हो, हा माझा नवरा" असंच म्हण. मी तुझ्यावर एका शब्दाने नाराज होणार नाही, बाबाही होणार नाहीत, हे मी त्यांच्या दाराबाहेर उभा राहून विचारून घेतलंय. आतून "हं" आलं. फक्त न बघता त्याच्या माथी ते मारलं जाऊ नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता कसं बघायचं ते नीट वाच. चित्रण मधे थांबवायला कारखान्याची हरकत आहे, ते सलग चालेल. सुरुवातीला काहीही नाही, तेव्हा घाबरून आधीच मान खाली घालू नकोस, माझी चूक तीच झाली. हातगाडीवाला उजवीकडे निघून जाईल. त्यानंतर थोडा वेळ नुसता पंखा दिसेल. मग डावीकडून तो येईल. तिथून पुढे त्याला सोडू नकोस. तो पाटीपाशी थांबतो, हात वर करतो, पाटी काढतो, वळतो आणि खांबाकडे जातो. चेहरा दिसत नाही, पण बाकी सगळा माणूस दिसतो. तो खांबाआड गेला की तुझं काम संपलं. मी शेजारी बसायची परवानगी मागून घेतलीये. मी टिचकी मारीन, तू मान खाली घाल, आणि मी दुसरी मारेपर्यंत वर करू नकोस. या वेळी ती यायला वेळ लागेल. खोलीत कोणी हुंदका दिला, खुर्ची सरकली, तरी वर बघायचं नाही.

सोमवारी सकाळी साडेदहाला आहे. रविवारी संध्याकाळी मी ताईच्या दारात येऊन उभा राहीन. तुला यायचं नसेल तर ताईला पाठव आणि झोपलीये म्हणून सांगायला लाव. मी मुकाट्याने परत जाईन आणि पुन्हा हा विषय काढणार नाही.

आलीस तर खांबापर्यंतचं तू बघ. त्याला उचलून आणतात ते मी बघेन. तू ते कधीच बघायचं नाहीस, पण शेवटी तो कसा होता असं पिल्लूने मोठेपणी विचारलं, तर सांगायला कोणीतरी असावं.

तुझा दीर,
त्याचा भाऊ