लाटा नसलेली जागा

ता. ३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
ताईचे अ. उ. आ.

बेटावर सुखरूप पोहोचलो. तुझ्या भाचीचं क्वार्टर दवाखान्याच्या मागेच आहे. दोन खोल्या, आणि खिडकी उघडली की समोर समुद्र. ती ड्युटीवर गेली की आम्ही दोघं म्हातारे किनाऱ्यावर. वाळू इतकी पांढरी की डोळे दिपतात. तू आलास तर पहिल्याच दिवशी सगळ्यांना काळे चष्मे विकशील.

तुझ्या दाजींनी जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्या, आता समुद्र मोजायला निघालेत. नवी पोहायची चड्डी घेतली आहे, तिच्यावर पोपट आहेत. किनाऱ्यावर लाल-पिवळे झेंडे रोवलेले असतात, त्यांच्या मधेच पोहायचं असा नियम. पण सातव्या वर्षापासून विहिरीत सूर मारणाऱ्याला झेंडे कसले दाखवता, असं यांचं म्हणणं. झेंड्यांमध्ये लाटा फुटून नाकातोंडात पाणी जातं म्हणे. पलीकडे एक शांत पट्टा आहे, तिथे लाटाच नाहीत. हे तिथे पोहणार आहेत.

मी गुडघाभर पाण्यापलीकडे जात नाही. इथे आल्यापासून आपल्या मधल्याची फार आठवण येते. पण त्याच्याबद्दल आपण कधी बोलत नाही, म्हणून इथेच थांबते.

पत्रच पाठव. फोनवर तू नुसता हुंकार भरतोस.

तुझी ताई


ता. ८ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि तडक फोन केला. तो दाजींनी उचलला. पोपट बुडत नसतात म्हणाले आणि हसत ठेवून दिला. म्हणून लिहितो. जे बोलवत नाही, ते लिहवेल कदाचित.

तो पट्टा शांत नसतो, ताई. लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेलं पाणी तिथूनच परत आत जातं, ओढ्यासारखं. वर लाट दिसत नाही म्हणून माणूस फसतो. दाजींना म्हणावं, झेंड्यांच्या बाहेर पाऊल टाकू नका. आणि ओढले गेलातच, तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नका, त्यानेच माणूस दमतो. उताणं पडून तरंगायचं. दम असेल तर किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत ओढीच्या बाहेर निघायचं. हात वर करून मदत मागायची.

हे सगळं मी नंतर वाचून वाचून पाठ केलं. चौतीस वर्षांपूर्वी त्या सहलीत आम्हा दोघा भावांना यातलं काही ठाऊक नव्हतं. मधला अशाच जागी उतरला आणि गेला. मी काठावर कपडे सांभाळत होतो. तू सासरी होतीस, म्हणून तुला हे माहीत नसेल. आईने मला एकदाच विचारलं, तुला पोहता येत होतं ना रे? मी उठून बाहेर गेलो. तिने पुन्हा कधी विचारलं नाही.

हे पत्र दाजींना वाचून दाखवच.

तुझा धाकटा


ता. १५ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद मागाहून. आधी एवढं वाच: दाजी सुखरूप आहेत.

तुझं पत्र वाचून दाखवलं. धाकटा पहिल्यापासून घाबरट, असं म्हणून यांनी घडी घालून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नको नको म्हणत असताना त्याच पट्ट्यात उतरले. पाच मिनिटांत डोकं नारळाएवढं दिसायला लागलं. किनाऱ्याकडे हात मारत होते आणि मागे मागे जात होते. मग हात मारणं थांबलं. मला वाटलं, संपलं. पण हे उताणे झाले होते. एक हात वर केला.

मला पोहता येत नाही हे विसरून मी धावले. कंबरभर पाण्यात असताना तिथल्या जीवरक्षक बाईने माझा दंड धरला. आपल्या लेकीच्या वयाची, उन्हाने रापलेली मुलगी. तुम्ही उतरलात तर मला दोन माणसं आणावी लागतील, असं बजावून तिने मला काठावर ढकललं आणि स्वतः तरंगायची फळी घेऊन आत गेली. मी उभी राहिले. दहा मिनिटं असतील. धाकट्या, तसलं उभं राहणं मी जन्मात कधी राहिले नव्हते.

यांना आणल्यावर तिने मला पाणी पाजलं. वाचवायला उडी घेणारेच पुष्कळदा जातात, म्हणाली. तुझे दाजी वाळूत पडून एवढंच म्हणाले, धाकट्याचं पत्र आठवलं.

आता माझं सांगते. सहलीची हकिगत मला आईने तेव्हाच सांगितली होती. मलाही वाटलं होतं की तू उडी घ्यायला हवी होतीस. चौतीस वर्षं तुझ्या घरी येत राहिले, तुझ्या हातचा चहा प्यायले, आणि मनात ते ठेवलं. तू उडी घेतली असतीस तर आईचे दोन मुलगे गेले असते. मला क्षमा कर. आणि इथे ये.

तुझी ताई


ता. २१ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र दुकानातच उघडलं. समोर एक आजी चष्म्याच्या नंबरासाठी अक्षरांचा तक्ता वाचत होत्या. शेवटची ओळ दिसत नाही म्हणाल्या. मी म्हटलं, आज मलाही दिसत नाही.

तुझ्यावर राग नाही. तुला काय वाटतं ते मला कळत होतं, तू चहाचा कप घेताना माझ्याकडे बघायची नाहीस. पण मला शहाणाही ठरवू नकोस. जे झालं ते सांगतो.

मधल्याने हात वर केला होता. मला वाटलं, गंमत करतोय. मीही हात हलवला, हसत. किती वेळ, कोण जाणे. कळलं तेव्हा धावलो, छातीएवढ्या पाण्यात गेलो, पायाखालची वाळू सरकली आणि मागे फिरलो. विचारबिचार काही केला नाही. भ्यायलो. आईला हे सांगायची हिंमत झाली नाही, आणि मग आईच राहिली नाही.

तुझी जीवरक्षक बाई म्हणते ते डोक्याला पटतं. बाकीच्या देहाला पटायला वेळ लागेल.

दाजी घाबरट म्हणाले ते खरंच आहे. त्यांना म्हणावं, घाबरटाचं ऐकलंत म्हणून पोपट वाचले.

पुढच्या महिन्यात आठ दिवस दुकान बंद ठेवून येतो. पाण्यात उतरेन असं कबूल करत नाही. वाळूत तुझ्याशेजारी बसेन. मधला किती खोटं खोटं रडायचा, पत्ते कसे लपवायचा, ते सगळं बोलू. तो गेल्यापासून मी त्याच्याबद्दल कुणापाशी असं काही बोललेलो नाही.

सगळं ऐकूनही तुझा लोभ राहिला, तर आणखी काय मागू?

तुझा धाकटा