तंबूचं दार कुणीकडं?

मंगळवार, २४ जून. पाथर्डी.

आज सातवीला मंगोल लोकांचा तंबू फळ्यावर काढून दाखवला. गोल, वरून लोकरीचं जाड कापड. ऋतू बदलला की मोडायचा, जनावरांमागं जायचं, पुन्हा उभा करायचा. मागून कुणीतरी हसलं, "म्हंजी त्यांना घरच न्हाई!" मी रागावणार, तेवढ्यात राधा उठली. आईबापांबरोबर दरवर्षी ऊसतोडीला जाते ती. म्हणाली, "हाय की घर. आमी न्हाई का कारखान्यावर पाचटाची कोपी बांधत? बाई, त्यांच्या तंबूचं दार कुणीकडं असतंय?"

मला ठाऊक नव्हतं. राजांच्या सनावळ्या तोंडपाठ, आणि दार? इतक्या वर्षांत मनातसुद्धा आलं नाही. "उद्या सांगते," म्हटलं.

घरी येऊन चहाआधी तेच शोधलं. दक्षिणेकडे! उत्तरेचा गार वारा पाठीवर, ऊन घरात. आणि आमच्याकडं दक्षिणेला दार म्हटलं की लोक घर बघायलाही जात नाहीत. उद्या वर्गात केवढा गलका होईल! होऊ दे. मला आत्तापासूनच हसू येतंय.

धडा मागं पडेल, पडू दे. राजे थांबतील. आधी राधाला दार.