रेडकू सोडून

११ जाने.
रस्त्याकडेच्या आमच्या दूधकट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर धार काढून भरलेला पेला एकीनं परत माझ्याच हातात दिला. फेस अजून बसला नव्हता.
"नको आम्हाला. पिल्लू बघा ना कसं ओढतंय."
दोघी कॉलेजच्या. एकीचा मोबाइल सुरूच. रेडकू खरंच ओढत होतं, दावं ताणून, चंद्रीच्या कासेकडं. रोज ओढतं. आज त्यांच्या नजरेनं पाहिलं आणि राग आला. कुणाचा, कळलं नाही.
आबा म्हशीच्या पोटाशी बसलेले. मान न वळवता म्हणाले, "पेला दे दुसऱ्या कुणाला तरी. निवतंय."
तालमीतल्या रोजच्या पैलवानानं घेतला. "दूध कशातनं येतंय हे आजच कळलं वाटतं पोरींस्नी."
कट्टा हसला. मुली गेल्या.

१३ जाने.
व्हिडिओ फिरतोय. धाकट्या भावानं, विलासनं दाखवला. आबांची फक्त पाठ दिसते, रेडकू मात्र पूर्ण. खाली लिहिलंय, हे दूध नव्हे, चोरी.
संध्याकाळी कट्ट्यावर नेहमीच्या निम्मेही नाहीत. एका गृहस्थांनी विचारलं, ओटचं दूध ठेवता का. आबांना सांगितलं, ओट म्हणजे धान्य. "धान्याची धार काढत्यात व्हय?"
विलास रात्री जेवताना: "अक्का, लोकांस्नी दूध पायजे, धार बघायला नको. पिशवी बरी वाटती. पिशवीत रेडकू दिसत न्हाय."
महिनाअखेर कट्टा सावरला नाही तर चंद्री विकायची, असं त्यानं ठरवलंय. मग आबांनी संध्याकाळी जायचं कुठं? हे त्याला विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

१५ जाने.
लोकांना अर्धंच दिसतं. ते येतात तोवर रेडकाचं पिऊन झालेलं असतं. दोन सडं त्याची, दोन गिऱ्हाइकांची. आजोबांपासून असंच. रेडकू प्यायल्याशिवाय चंद्री पान्हवतच नाही. पण पोट भरलं तरी ते ओढतंच, आणि लोक ओढणंच बघतात.
पाटी लिहिली. "आमच्याकडे रेडकू सोडूनच धार काढली जाते." अक्षर चांगलं आलं.
आबांना वाचून दाखवली. "खरं हाय. रेडकू सोडल्याबिगर कधी कासंला हात लावला न्हाय आपण."

१७ जाने.
पाटी लावली. लोक वाचतात, आमच्याकडं बघतात, पुढं जातात. वाटलं, परिणाम होतोय.
मग स्कूटरवरच्या एका बाईंनी लेकीला मोठ्यानं वाचून दाखवली. "बघ. पिल्लाला सोडून बाकी सगळ्यांना दूध. आणि वर पाटी लावलीये."
मी पेले विसळत होते. हात पाण्यातच राहिला.
सोडून. आमच्या गोठ्यात म्हणजे दावं सोडून, आईकडं जाऊ देऊन. रस्त्यावर म्हणजे वगळून. दोन्ही शुद्ध. एम.ए. मराठी, तासिका तत्त्वावर पोरांना वाक्यरचना शिकवते मी.
"अहो, तसं नाही ते..." स्कूटर गेलेली.

१८ जाने.
नवी पाटी. "आधी रेडकाला पाजतो, मग गिऱ्हाइकाला." यात आता दुसरा अर्थ निघणार नाही.
निघाला. पेठेतले अण्णा, कट्ट्यावरचे सगळ्यात जुने, पेला ओठाशी नेऊन थांबले. "म्हंजे रेडकाचं उष्टं पितोय व्हय मी? एवढी वर्सं?"
चेष्टा होती. पण शेजारच्या नव्या माणसानं पेला खाली ठेवला.
आबा उठले. "काढ ती पाटी. पाटी लावून कुठली आई पाजती?"
काढली. जुन्या पाटीचा फोटोही आता फिरतोय. कबुलीजबाब म्हणून.

२३ जाने.
तीन दिवस कट्टा रिकामाच म्हणायचा. पैलवानही नाही. त्याला कुणीतरी दुधाऐवजी डब्यातली प्रोटीन पावडर सांगितली आहे.
आज आबांनी रेडकू सोडलं आणि परत ओढलंच नाही. चारी सडं त्यालाच.
विलास ओरडला, "ढाळ लागंल त्याला."
"पिऊ दे. आज कोण न्हाय."
त्या दोन मुली आत्ता इथं हव्या होत्या. नाही, नको. त्यांनी याचाही व्हिडिओ केला असता, आणि आम्ही चांगले ठरलो असतो. तेही सहन झालं नसतं.

२८ जाने.
व्यापारी आला. विलासनंच बोलावला. कास बघितली, दात बघितले, शिंगावरून हात फिरवला. मग रेडकाची शेपटी उचलली.
"रेडा हाय. ह्यो राहू दे तुमच्याकडंच. म्हस तेवढी नेतो."
आबा म्हणाले, "पावणं, रेडकाबिगर ती पान्हवत न्हाय."
"इंजेक्शन हाय की."
विलास चहा आणायला आत गेला. मी व्यापाऱ्याला विचारलं, दूध कुठं जाणार? म्हणाला, पिशवीत.
रेडकाला ओढून बाजूला करतात म्हणून सुरू झालेलं हे सगळं. त्या मुलींना हेच हवं होतं का? की कुणालाच काही हवं नव्हतं, नुसतं ते ओढणं बघायचं नव्हतं?
उद्या सकाळी टेम्पो.

२९ जाने., सकाळ
टेम्पो आला. आबांनी आधी रेडकू वर चढवलं आणि स्वतः चढले. व्यापारी म्हणाला, उतरवा ते. आबा दावं हाताला गुंडाळून रेडकाशेजारी बसून आहेत. चंद्री टेम्पोत चढायच्या फळीवर पुढचे दोन पाय ठेवून थांबली आहे. मी माडीवरच्या खिडकीशी लिहितेय, विलास खालून मला हाका मारतोय, अक्का, तू सांग आबांस्नी.