रंगाआधीची उडी

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कॉलेज सोडलं तेव्हा तू म्हणालीस, निदान कामात तरी टिक. पण आता महिनाअखेर राजीनामा मुकादमाच्या तोंडावर फेकणार. आमच्या शिड्यांच्या कारखान्यात रीत आहे : शिडी ज्यानं जोडली, त्यानंच वरच्या पायरीवर चढून एक उडी मारायची, मगच ती रंगाला जाते. काल मुकादमानं फर्मावलं, ऑर्डर मोठी आहे, उड्या बंद. मी का म्हणून विचारलं, तर मागच्या पत्रात लिहिलेल्या, रंगखात्यातल्या ‘ति’च्या देखत म्हणाला, अर्धवट शिकलेल्यांनी अक्कल शिकवू नये. ती गालात हसली. ताई, मी मेलो. आता सांगेल तेवढंच करणार. नट ढिला दिसला तरी बघायचं नाही. बुडू दे त्याला.

रागावलीस तरी माया आटवू नकोस.

तुझा,
तोफखाना


९ फेब्रुवारी

चि. तोफखान्यास,
अ. आ.

पत्र वाचून तुझे दाजी हसत सुटले, मी नाही. वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरशी माझं मुळीच पटत नाही, म्हणून मी पेशंटला सुई कशीही टोचते का? तुझ्या शिडीवर जो चढेल, त्यानं तुझ्या मुकादमाचं तोंडही पाहिलेलं नसेल. राजीनामा खुशाल दे, पण नट आवळून दे. आणि ती तुलाच हसली कशावरून? वेळेवर जेवत जा.

तुझ्यावर कायम जीव असलेली,
ताई


१४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज मिळालं, त्याआधीच व्हायचं ते झालं. परवा शिड्या रंगाला निघाल्या आणि मला राहवेना. सरळ रंगखात्यात घुसलो, माझ्या शिड्या ओढून उड्या मारू लागलो. एकीची पायरी सुटली आणि मी धाडकन खाली. नट मीच लावला होता, रागाच्या भरात, अर्धाच आवळलेला. मुकादम तणतणत आला. म्हटलं, आधी हा नट बघा, मग मला काढा. बघितलं त्यानं, आणि साऱ्या शिड्या परत मागवून उड्या पुन्हा सुरू केल्या. माणूस अजूनही डोळ्यांसमोर नको वाटतो, पण राजीनामा राहू दे.

घोटा टम्म सुजलाय. काल तिनं ब्रश खाली ठेवला, बाह्या सरसावल्या आणि माझ्या शिडीवर चढता चढता म्हणाली, “तुझा पाय बरा होईतो उड्या मी मारते. पण नीट आवळ रे, पडले तर तुझ्याच अंगावर पडेन.”

ताई, इतके घट्ट नट मी जन्मात आवळले नव्हते.

दाजींना हसू दे. तुझी माया आहेच, ती असू दे.

तुझा,
तोफखाना