चौथी रेघ

उदगीर, ता. १८ नोव्हेंबर २०२४

चि. शिवानीस अप्पाचे पोटभर आशीर्वाद.

फोनवर बोललो न्हाई, कारण आडतीत भिंतीपेक्षा कान जास्त. नांदेडात पत्र मिळालं की कुणाला दाखवू नको.

चाकूरच्या अमृतरावांनी घरून मोजून आणलेलं सोयाबीनचं पोतं आपल्या काट्यावर अर्धा किलो कमी भरलं. दुसरंही, तिसरंही. दसऱ्याला नवा इलेक्ट्रॉनिक काटा आणल्यापासून शेतकऱ्यांची कुजबुज चालूच होती. वजन मलप्पा घेतो. बावीस वर्षं आपल्याकडं मापाडी हाय, पण माणसाचं मन कुणी पाहिलं? परवा त्याला घरी बसवलं. कबूल होईना.

दिवाळीत तो तुला तुझ्या कॉलेजातल्या त्या चिपचं काय काय विचारत होता, ते मी बघितलंय. चिपला वजन वाचायला शिकवता, तर खोटं बोलायलाही शिकवत असाल. त्याला काय सांगितलंस, खरं लिही. आई बरी हाय. उत्तराची वाट बघतो.

तुझा अप्पा,
गुरुपादप्पा

नांदेड, ता. २२ नोव्हेंबर २०२४

ती. अप्पांना शि. सा. शरणार्थ.

पत्र वाचून आधी राग आला, मग रडू आलं. मलप्पाकाका एवढंच विचारत होते, की हे चिपचं शिकून मला पुढं नोकरी लागेल का. तुम्ही माझ्यावरही संशय घेतलात, बरं झालं, एकटे काकाच नाहीत.

अप्पा, प्रत्येक पोत्याला बरोबर अर्धाच किलो? चोर इतका शिस्तीचा नसतो. गेल्या आठवड्यात मी वर्गात वजनाचा सेन्सर चिपला जोडला. माझा प्रोग्राम चालू होतो त्या क्षणी वर जे असेल, त्यालाच शून्य धरतो. वर माझा जेवणाचा डबा राहिला होता. मग दिवसभर सगळं डब्याएवढं कमी भरलं, आणि मी मात्र वायरला शिव्या देत बसले.

तुमचा काटाही तसाच असावा. चालू करताना त्यावर काय असतं? आणि रिकामा असताना आकड्याआधी आडवी रेघ दिसते का? ती उण्याची असते. काच पुसून बघा, मग कुणाला चोर म्हणा.

आईला सांभाळा, माझ्यावरची माया आटू देऊ नका.

शिवानी

उदगीर, ता. २७ नोव्हेंबर २०२४

चि. शिवानीस आशीर्वाद.

तुझं पत्र दोन दिवस गल्ल्यात ठेवलं. वाटलं, पोरगी मलप्पाची वकिली करून राहिली.

आज काटा चालू करताना स्वतःचेच हात बघितले. रोज सकाळी मी त्यावर नारळ ठेवतो, काचेवर भस्माचे तीन पट्टे ओढतो अन् बटण दाबतो. मग नारळ उचलून देव्हाऱ्यात. काच पुसली, तर तीन पट्टे गेले, अन् आकड्याआधीची उण्याची रेघ तेवढी राहिली. नारळ अर्ध्या किलोचा.

अमृतरावांना सगळ्यांसमोर सांगितलं, चूक माझी. ज्याचं त्याचं धान्य परत देणार हाय. मग मलप्पाच्या घरी गेलो. त्याच्या बायकोनं, सिद्धम्मानं पाणी दिलं. मलप्पा म्हणाला, चौथी रेघ त्याला रोज दिसायची, वाटायचं अप्पाचं बोट जास्तीचं लागलं. देवाचं भस्म पुसणार कोण?

मला लई लाज वाटली, शिवानी. उद्यापासून येतो म्हणाला, पण एक अट घातली. काटा तो चालू करणार, अन् तोवर मी चार हात लांब उभं राहायचं.

हाव म्हणालो. नारळ हातातच धरून उभा राहीन.

तुझाच,
अप्पा